तोंड फिरवायचं नाही

मुनव्वर सारंगला थंडीच्या छावणीचं काम मी मिळवून दिलं, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी विचारण्यापेक्षा आपणच कबूल केलेलं बरं. मी इद्रीस. तेव्हा कुवेतमध्ये मीना अल-अहमदी बंदरात एका कंत्राटदाराच्या यार्डात स्टोअरकीपर होतो. तंबू, दोर, खुंट्या, घोंगड्या, कंदील, वाळवंटात जे जायचं ते माझ्या हातून जायचं. सत्तावन्न सालच्या नोव्हेंबरात पश्चिमेकडच्या वाळवंटात जमिनीची पाहणी करायला एक टोळी निघाली. दोन गोरे साहेब, दोन ड्रायव्हर, पाचसहा मजूर. त्यांना एक खानसामा हवा होता आणि तंबू शिवणारा एक माणूस. मी म्हटलं, दोघं आहेत, आमच्या दाभोळ खाडीतले, आणि एकाच घरातले.

खानसामा म्हणजे मुनव्वरभाई आणि तंबू शिवणारा म्हणजे त्यांचा मेहुणा यूनुस. मुनव्वरभाईंचे वडील गलबतावर सारंग होते, आजोबाही सारंग. ते स्वतः पंधरा वर्षं सुकाणूवर बसलेले. मग इंजिनाच्या लाँची आल्या, घरचं गलबत खाडीच्या चिखलात रुतून बसलं, आणि सुकाणू धरणारा हा माणूस कुवेतला येऊन साहेबांची अंडी तळू लागला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. बाजारात कांदे घेतानाही मुनव्वरभाई वारा कुठून आहे ते सांगायचे. कोणी विचारलेलं नसायचं.

यूनुस अगदी उलट. वय सव्वीस, गावी शिडं शिवायचा. बोलायचा इतका हळू की त्याचं वाक्य पुरं होईस्तोवर मुनव्वरभाई दुसऱ्या विषयावर गेलेले असत. मुनव्वरभाईंची बायको सईदाभाभी, तिचा हा एकुलता एक भाऊ. आईबाप लवकर गेले, तिनेच त्याला वाढवला. त्याला कुवेतला बोलावून घेताना मुनव्वरभाईंनी तिला शब्द दिला होता की पोराला नजरेआड करणार नाही. म्हणून जिथे मी तिथे तो, अशी अट घालून दोघं छावणीत गेले. मला तेव्हा त्या अटीचं कौतुक वाटलं होतं.

कुवेतला थंडी पडते म्हटलं की आपले लोक हसतात. त्यांनी एक डिसेंबर उघड्या वाळवंटात काढावा. पहाटे पखालीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरते, आणि उत्तरेचा वारा सुटला की दोन घोंगड्यांतही दात वाजतात. टोळीतल्या धाकट्या साहेबाला मात्र याची मौज वाटायची. तो त्याच्या मुलखात बर्फात राहायला शिकला होता. पायांना लाकडी पट्ट्या बांधून डोंगरावरून घसरत जायचं आणि बर्फातच खळगा खणून झोपायचं, हा त्याचा छंद. त्या पट्ट्या त्याने सोबत आणल्या होत्या. वाळूच्या उतारावर तो चार हात गेला आणि तोंडावर आपटला, असं ड्रायव्हरांनी मला सांगितलं. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

पहिल्याच दिवशी या साहेबाने तंबू एका खोलगट जागी लावायला सांगितले. वारा लागत नाही म्हणून. मुनव्वरभाईंनीही मान डोलावली, कारण कोकणातला दर्यावर्दी वारा सुटला की खाडीतच शिरतो. दोघांचं असं जमलेलं पाहून टोळीचा वाटाड्या पुढे आला आणि एक अक्षर न बोलता खुंट्या उपटू लागला.

हा मुतलक. वाळवंटात उंट घेऊन फिरणाऱ्या बदू लोकांतला, पन्नाशीचा, सडपातळ, एक डोळा अर्धा मिटलेला. आपल्याकडे उंटावरचा शहाणा म्हणतात तो मूर्ख असतो. मुतलक उंटावरचा होता आणि खरोखर शहाणा होता. तो म्हणाला, "पाऊस आला की ही जागा नदी होते. झोपलेला माणूस झोपेतच वाहून जातो." साहेबाने वाद घातला. मुतलकने त्याला खळग्याच्या काठावरच्या वाळलेल्या गाळाच्या रेषा दाखवल्या, कमरेएवढ्या उंचीवर. तंबू उंचावर गेले.

त्या दिवसापासून मुतलक सगळ्यांचाच मास्तर झाला. त्याचं म्हणणं साधं होतं: माझ्याबरोबर हिवाळा काढायचा तर हिवाळा काढता आला पाहिजे, मी कोणाला खांद्यावर घेऊन फिरणार नाही. तंबूची पाठ उत्तरेला ठेवायची आणि वाऱ्याकडच्या कडेवर ओली वाळू लोटायची. अरफज नावाचं एक खुरटं झुडूप आहे, ते हिरवं असो की भिजलेलं, पेटतं. ते ओळखायला त्याने मजुरांना काळोखात नुसत्या हाताने चाचपायला लावलं. झोपण्याआधी खड्ड्यात निखारे घालून वर चार बोटं वाळू पसरायची आणि त्यावर अंथरूण टाकायचं, म्हणजे पहाटेपर्यंत पाठ शेकते. यूनुसला हे सगळं पहिल्या फेरीत जमलं. मुनव्वरभाईंनी निखाऱ्यांवर वाळू कमी घातली आणि आपली घोंगडी जाळली. ती जळकी घोंगडी नंतर माझ्याकडे परत आली, म्हणून मला ठाऊक.

पण रस्ता शोधायची गोष्ट निघाली की मुनव्वरभाई पुढे सरसावत. तारे त्यांचे होते. ध्रुव इथे घरच्यापेक्षा वर चढलेला दिसतो हे त्यांनी पहिल्या रात्रीच ओळखलं होतं आणि मुतलकला सांगितलंही. मुतलक खूश झाला. वाळवंटातला माणूस आणि दर्यातला माणूस, दोघांना मोडक्या अरबीत आणि मोडक्या हिंदीत बोलायला तेवढाच विषय पुरायचा.

मुतलकचे दोन नियम होते. पहिला, चुकलास तर जिथे कळलं तिथेच बस आणि धूर कर, मी येईन. दुसरा, ठरलेल्या ठिकाणी निघालास तर एकदा तोंड लावायचं आणि फिरवायचं नाही. मागे वळून बघशील, बाजूला काही दिसलं म्हणून मान वळवशील, आणि पुन्हा सरळ होताना दोन बोटं इकडेतिकडे होशील. दोन बोटांचा तासाभरात कोस होतो. तो म्हणायचा, "वाळवंटात माणूस पायाने चुकत नाही, मानेने चुकतो."

नमाजाला सगळे मुतलकच्या मागे उभे राहत. मशीद म्हणजे त्याने मक्केची दिशा धरून वाळूवर मांडलेली दगडांची एक ओळ. मुनव्वरभाई दुपारी आणि सांजेला तिथे येत, पण फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजाला, त्यांचं एक पाऊल चुलीपाशी, साहेबांचा चहा. ते आपल्या स्वयंपाकाच्या तंबूतच नमाज उरकत. फजरला मुतलकच्या मागे नेमाने उभा राहायचा तो यूनुस. तेव्हा आकाशात अजून तारे असत.

डिसेंबरच्या बावीस तारखेला छावणी हलली. नव्या जागी दगडांची ओळ मांडायची राहून गेली. चोवीस तारखेला दोन्ही साहेब नाताळाच्या जेवणाला अहमदीला गेले. दोन्ही गाड्या, ड्रायव्हर आणि सगळे मजूर त्यांच्याबरोबर, कारण सुट्टी सगळ्यांनाच हवी होती. राखणीला राहिले मुनव्वरभाई आणि यूनुस. मुतलकही दुपारी उंटावर बसून आपल्या आईच्या तंबूकडे निघाला. त्याच्या कबिल्याचा मुक्काम तिथून चार तासांच्या चालीवर, एका विहिरीपाशी होता. जाताना तो मुनव्वरभाईंना म्हणाला, "तीन दिवसांनी येतो. काही झालं तर नमाजाला उभा राहतोस तसा उभा राहा आणि चालायला लाग. तोंड फिरवू नकोस. विहीर तुझ्या पायाखाली येईल."

मुनव्वरभाई म्हणाले, ठीक. यात विचारायचं काय होतं? मुसलमान माणसाला किब्ला, नमाजाची दिशा, कुठे ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. मी तिथे असतो तर मीही विचारलं नसतं.

त्याच संध्याकाळी पाऊस आला आणि त्याच संध्याकाळी यूनुसच्या पोटात दुखू लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजव्या अंगाला खाली. मुनव्वरभाईंनी ओवा दिला, मिठाच्या पाण्याने शेक दिला. पंचवीस तारखेला दिवसभर पाऊस पडत राहिला. खालचा खळगा भरून वाहत होता, मुतलक बोलला होता तसाच. गाड्या येण्याची आशा नव्हती. अशा चिखलात चाक कमरेपर्यंत जातं. यूनुस गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. ओकारीत आता नुसतं हिरवं पाणी येत होतं, आणि अंगाला हात लावला तर भाजत होतं. मुनव्वरभाईंनी गलबतावर एक माणूस असा गेलेला पाहिला होता, वेंगुर्ल्याच्या पुढे, बंदर दिसत असताना. त्यांना कळलं होतं की हे ओव्याने बरं होणारं दुखणं नाही. हे पोर डॉक्टरकडे गेलं नाही तर मरणार, आणि घेऊन जायला इथे काही नाही. विहिरीवर मुतलक आहे, उंट आहेत, जहरा गावाहून पाण्यासाठी येणारी एखादी लॉरी असते. चार तास.

मला हे सांगताना ते त्या दिवसाचा तास न् तास सांगायचे. आता जावं तर ढगांत दिशा नाही. थांबावं तर पोर हातातून जातंय. ते तंबूच्या दारात उभे राहून वर बघत आणि आत येऊन त्याच्या कपाळाला हात लावत. असं किती वेळा केलं याला गणती नाही. त्यांनी अल्लाला सांगितलं की मला एक तारा दे, बाकी काही मागत नाही.

फजरच्या दोनएक तास आधी पाऊस थांबला, वारा उत्तरेचा झाला आणि आकाश धुतल्यासारखं मोकळं झालं. ध्रुव समोर. मुनव्वरभाईंनी यूनुसच्या उशाला पाणी ठेवलं, त्याच्या अंगाखाली शेकलेली वाळू नीट केली, आणि स्वतःच्या कानांवर मफलर गच्च बांधला.

यूनुस म्हणाला, "दुल्हाभाई, मला एकट्याला टाकून नको जाऊ."

"एकट्याला कुठं टाकतंय? मुतलकला घेऊन येतंय. सूर्य वर येईल तोवर मी विहिरीवर. तू नुसता पडून र्‍हा."

ते बाहेर आले. पंधरा वर्षं गलबतावर जसे नमाजाला उभे राहत होते तसे उभे राहिले. ध्रुव उजव्या खांद्यावर घेतला. त्यांच्या बापानेही तसाच घेतला होता आणि आजोबांनीही. आपल्या किनाऱ्यावर ध्रुव उजव्या खांद्यावर आला की तोंड किब्ल्याकडे झालंच.

तंबूचा पडदा उघडा होता. आतून यूनुसने त्यांना उभं राहिलेलं पाहिलं. तो नेहमीसारखा हळूहळू बोलला, दम घेत घेत. "दुल्हाभाई, मुतलक फजरला उभा र्‍हातो ना, तवा तो तारा त्याच्या पाठीमागं असतो. उजव्या कानाच्या मागं. असा बाजूला नाय."

या वेळी मुनव्वरभाईंनी त्याचं वाक्य पुरं ऐकून घेतलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता तू मला ध्रुव दाखवणार? तुझ्या बापानं कधी बंदराबाहेर होडी काढली होती? गप पडून र्‍हा."

यूनुसशी ते बोललेले हे शेवटचे शब्द.

मुनव्वरभाई निघाले. चिखल पायाला धरत होता, वारा उजव्या गालावर सुरीसारखा लागत होता. तोंड लावलेलं होतं. शंभरएक पावलांवर मागून काहीतरी ऐकू आलं. मफलरातून, वाऱ्यातून, पण हाक होती. त्यांना वाटलं, पोर एकटं पडलं म्हणून भितंय. वळलो तर दोन बोटं फिरेन, आणि दोन बोटांत विहीर हुकेल, आणि विहीर हुकली तर हा मेला. आणखी एक हाक आली. मुनव्वरभाईंनी मान ताठ धरली आणि पुढे चालत राहिले. मुतलकचा धडा त्यांनी त्या दिवशी जितका चोख पाळला तितका टोळीत कोणी कधी पाळला नसेल.

उजाडलं. सूर्य वर आला. विहीर आली नाही. चिखलामुळे चाल मंदावली असेल म्हणून ते आणखी चालले. मग आणखी एक तास. सपाट ओली जमीन, कुठे तंबू नाही, उंटाचं पाऊल नाही, शेळीची लेंडी नाही. दुपार कलायला लागली तेव्हा त्यांच्या पायांतलं बळ गेलं. आपण चुकलो हे त्यांना आधीच कळलं होतं, पण बसायचं म्हणजे यूनुसला मारायचं, म्हणून ते कळूनही चालत होते. शेवटी बसले. अरफज उपटून आणलं, पेटवलं आणि धुराकडे बघत मोठ्याने रडले. चाळिशीचा माणूस, सारंगाचा मुलगा. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, लाजले नाहीत.

इकडे मुतलक पावसाच्या काळजीने एक दिवस आधीच निघाला होता. दुपारी छावणीवर पोचला तेव्हा यूनुस गेलेला होता. अंग अजून थंड पडलं नव्हतं. मुतलकने त्याच्यावर चादर ओढली, बाहेर आला, जमीन वाचली आणि मुनव्वरभाईंच्या पावलांवर उंट घातला. सूर्य मावळता मावळता त्याला धूर दिसला.

मुनव्वरभाईंनी त्याला पाहताच विचारलं, "यूनुस?" मुतलकने मान हलवली आणि उंट खाली बसवला.  वाटेत मुनव्वरभाई सारखं तेच विचारत होते, की विहीर कुठे गेली, मी तर तोंड फिरवलं नाही, मी तर तोंड फिरवलं नाही.

पहाटे दोघांनी मिळून मयताला आंघोळ घातली. कफनासाठी तंबूच्या आतलं पांढरं अस्तर काढलं, यूनुसनेच शिवलेलं. मग मुतलक उंचावर कबर खणायला लागला. थोडी खणून झाल्यावर मुनव्वरभाई म्हणाले, "कबर तिरकी होतेय." आपल्याकडे कबर उत्तर-दक्षिण असते. डोकं उत्तरेला, उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे. ध्रुव अजून दिसत होता आणि ही कबर त्याच्या रेषेत नव्हती, चांगली आडवी तिरपी गेली होती. मुतलकला वाटलं दुःखाने माणसाचं डोकं फिरलंय. तो म्हणाला, बरोबर आहे. मुनव्वरभाई हट्टाला पेटले. निदान मेल्यावर तरी पोराला सरळ झोपवू दे, म्हणाले, मला तारे कळतात.

तेव्हा मुतलकने फावडं ठेवलं आणि विचारलं, "तू नमाजाला कसा उभा राहतोस, दाखव."

मुनव्वरभाई उभे राहिले. ध्रुव उजव्या खांद्यावर. मुतलक बराच वेळ बघत राहिला. मग त्याने त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना जरासं डावीकडे वळवलं. फार नाही, पाव वळणाचंही अर्धंच. ध्रुव खांद्यावरून सरकून उजव्या कानाच्या मागे गेला.

मक्का आपल्या कोकणातून पश्चिमेला आहे. कुवेतहून ती पश्चिमेलाही नाही आणि दक्षिणेलाही नाही, दोन्हींच्या मधोमध आहे. शाळेतल्या पोराला नकाशावर दिसेल एवढीच गोष्ट. मुनव्वरभाईंना कुवेतमध्ये पाच वर्षं झाली होती, पण गावातल्या मशिदीत भिंत सांगते तिकडे माणूस तोंड करतो. ध्रुव बघत कोण बसतो? आणि मोकळ्या आकाशाखाली एकटे उभे राहिले तेव्हा त्यांच्या अंगाने बापाचा किब्ला धरला. चार तासांत ते विहिरीपासून तीन-चार कोस उत्तरेला गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण मुतलक जमीन वाचणारा, आणि त्याच्या लेखी वाचलेलं लपवणं म्हणजे खोटं बोलणं. तो मुनव्वरभाईंना तंबूपाशी घेऊन गेला. ओल्या वाळूत त्यांच्या बुटांचे ठसे होते आणि त्यांच्या मागोमाग अनवाणी पावलं. एक पाय ओढत गेलेला. चाळीस पावलं. तिथे दोन्ही गुडघे टेकल्याची खूण, पुढे हातांचे पंजे. मग तिथून परत तंबूपर्यंत सरपटत आल्याची ओळ. मुतलक म्हणाला, "तुझ्यामागे आला. इथे थांबून हाक मारली असेल. तुला ऐकू आली?"

मुनव्वरभाई कबरीकडे परतले आणि त्यांनी फावडं उचललं.

साहेबांच्या गाड्या सत्तावीसच्या दुपारी आल्या. कंपाउंडच्या डॉक्टरला मी मागाहून विचारलं, की सव्वीसच्या सकाळी आणला असता तर? तो म्हणाला, सांगता येत नाही. हे ‘सांगता येत नाही’ फार वाईट असतं. नसता वाचला म्हणाला असता तर माणूस रडून मोकळा झाला असता, वाचला असता म्हणाला असता तर निदान स्वतःला शिक्षा तरी करून घेता आली असती.

सईदाभाभीला कागद मी लिहिला. मुनव्वरभाई समोर बसून सांगत होते आणि मी लिहीत होतो. यूनुसला पोटाचं दुखणं झालं, पावसामुळे डॉक्टर मिळाला नाही, अल्लाची मर्जी. तेवढंच. त्याच रात्री उरलेलं सगळं त्यांनी मला सांगितलं, हाकांसकट, आणि म्हणाले, "हे कागदात जात नाय." मी म्हटलं, जाऊ नये.

ते पुन्हा वाळवंटात गेले नाहीत. मीना अल-अहमदीच्या मेसमध्ये भांडी बघत राहिले. वारा कुठून आहे हे सांगणं बंद झालं. नमाज मशिदीतच पढायचे, शंभर माणसांच्या मध्ये, आणि सगळ्यांबरोबरची नमाज चुकली तर कुणाला तरी बरोबर घेऊनच उभे राहायचे. पगार वाढला, हिंदी चित्रपट आले, आमच्यातल्या कितीतरी जणांनी बायकामुलं आणली. यांना म्हटलं की भाभींना बोलवा, तर म्हणायचे, बघू. सहा वर्षं ते बघू म्हणत राहिले. घरी गेले ते दोनदा, पंधरापंधरा दिवस, आणि दोन्ही वेळा आजारी पडून परत आले.

त्रेसष्ट साली भाभीच आली. विचारलं नाही, आगबोटीचं तिकीट काढून कळवलं. आठ वर्षांच्या मुलीला, असमाला, घेऊन. कुवेत शहराजवळ हवल्लीत आम्ही दोन खोल्या बघून दिल्या. चौथ्या दिवशी तिने मला जेवायला बोलावलं आणि जेवण वाढण्याआधीच विषय काढला. असमाला शेजारी पाठवलेलं होतं.

"इद्रीसभाई, कागद तुम्ही लिवला होता. म्हणून तुम्हाला बोलावलंय. सहा वर्षं हे माझ्याकडं बघत नायत. माझ्या भावाला काय झालं ते मला दोघांनी मिळून सांगा."

मी मुनव्वरभाईंकडे पाहिलं. मला वाटलं ते कागदातलंच पुन्हा बोलतील. पण त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि काही राखलं नाही. पाऊस, दुखणं, विहीर. आपण ध्रुव कुठे धरला ते. मग यूनुस काय बोलला ते, आणि आपण त्याला काय म्हणालो ते, तिच्या बापाला धरून जे बोललो तेही. भाभीने पदर तोंडावर घेतला नाही. ती सरळ बघत ऐकत होती. त्यांनी कबरीचं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या भावाला मी मारलं. मला जे वाटतं ते बोल."

 रस्त्यावरून पाण्याचा टँकर भोंगा वाजवत गेला. मग तिने विचारलं, "तो एकटा किती वेळ होता?"

"सात-आठ तास."

"त्यानं हाक मारली होती? कुणाला?"

मुनव्वरभाई खाली चटईकडे बघत होते.  मला ती चाळीस पावलं दिसत होती, मी कधी न पाहिलेली. मग ते म्हणाले, "नाय. एवढं बोलून त्याचा डोळा लागला, मी निघालो तवा झोपला होता."

भाभीने माझ्याकडे पाहिलं. "इद्रीसभाई?"

"हो भाभी," मी म्हटलं. "मुतलकनेही तसंच सांगितलं. झोपेतच गेला."

ती जराशी सैल बसली. म्हणाली, "मग ठीक. ल्हानपणी अंधारात जाग आली की मला हाका मारायचा. मी जाऊन हात धरला की गप व्हायचा. हाक मारली आणि कुणी गेलं नाय, असं नको होतं. बाकीचं मी सोसेन."

मग तिने ताटं मांडली. माशाचं कालवण होतं आणि तांदळाच्या भाकऱ्या. मुनव्वरभाई जेवायला बसले. ती वाढत गेली आणि ते जेवत गेले, एकदाही नको म्हणाले नाहीत.